सोमवारची हजेरी

चोपडा,
३ जुलै २०२५

ती. आबांना ज्योत्स्नाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून नानांच्या टेबलापाशी बसून हे पत्र लिहिते आहे. नाना असते तर म्हणाले असते, "अभिमनले पत्र लिखी ऱ्हायनी का? नीट लिख, तो चुका काढस."

पत्राबरोबर एसटीच्या पार्सलनं नानांचा हातातला वायरलेस सेट पाठवला आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलाय, दोरी कापा, ओढू नका. आबा, मला एकच गोष्ट हवी आहे. हा सेट उघडा, तपासा आणि त्या दिवशी तो का चालला नाही ते मला सांगा.

तुम्ही अंत्यविधीला आलात तेव्हा एवढी माणसं होती की कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. नंतर शेवंताबाईनं सांगितलं. ती त्या दुपारी केळीच्या बागेत पाण्यावर होती. तिच्याच शब्दांत लिहिते: "नाना मेरवर बठेल व्हतात. छाती धरेल व्हती. सेटमा बोली ऱ्हायंतात, अभिमन, ओ दे रे भो, ओ दे. सेटमातून मानसं हासी ऱ्हायंतात, गप्पा करी ऱ्हायंतात. पन नानाले कोनी ओ दिन्ही नही."

ती पळत घरापर्यंत आली. आमचं शेत डोंगराच्या घळीत, तिथं मोबाईलला रेंज नाही. पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

आबा, आमच्या स्वयंपाकघरातला मोठा सेट त्या वेळी चालू होता. मी आणि आई कुरडया घालत होतो. मोरदऱ्याच्या डोंगरावरचा तुमचा रिपीटर खालच्या सेटचा आवाज उचलतो आणि जळगाव-धुळ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवतो, एवढं मला कळतं. मग नानांचा आवाज का उचलला नाही? तो आला असता तर मी जीप काढून दहा मिनिटांत शेतात असते. सगळं ऐकू येत होतं, फक्त नाना नाही.

मी शाळेत रजा टाकली आहे. हे कळल्याशिवाय बोदवडला जाऊन मुलांपुढे उभी राहू शकत नाही.

तुमची,
ज्योत्स्ना


धुळे,
१४ जुलै २०२५

चि. ज्योत्स्ना हिला आशीर्वाद.

पार्सल पोचलं. दोरी कापली, ओढली नाही. टॉवेलाला अजून केळीच्या चिकाचे डाग आहेत, ते बघत बराच वेळ बसलो.

तुझ्या बापाच्या कारागिरीला मी आयुष्यभर नावं ठेवली. डोंगरावर अँटेनाच्या केबलला प्लास्टिकची पट्टी संपली की हा केळीचं सोपट, ते खोडावरचं सालपट, बांधायचा. महिन्यात कुजायचं, माकडं केबलला लोंबकळायची आणि हा पुन्हा सोपट घेऊन डोंगर चढायचा. पण केबलच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी अशी बसवायचा की बारा पावसाळ्यांत आत थेंब गेला नाही. मी पोलिसांच्या वायरलेसमध्ये तीस वर्षं काढली, मला तशी जमली नाही. रिपीटर मी इथं टेबलावर बांधला, पण जगवला तुझ्या बापानं, तोतारामनं. वर्षातून सहा वेळा वर जाऊन बॅटरीत पाणी घालणं, डब्यातली गांधीलमाशांची पोळी काढणं, सोलरची काच पुसणं, हे सगळं त्यानं केळीच्या कामातून वेळ काढून केलं.

असो. सेट तपासला. बॅटरी उतरलेली होती. ऐकायला सेटला थोडी वीज पुरते, बोलायला भरपूर लागते. म्हणून आवाज येतो पण जात नाही. असं नेहमी होतं, आम्हा सगळ्यांच्या बाबतीत झालेलं आहे.

आता शाळेत जा. झुंबरवहिनींना नमस्कार सांग. औषधं वेळेवर घेतात ना?

तुझा,
अभिमनआबा


चोपडा,
२१ जुलै २०२५

ती. आबांना नमस्कार.

पत्र मिळालं. कळलं.

नानांचा सेट रोज संध्याकाळी मी चार्जिंगला लावायची. सुट्टीत घरी आले की ते काम माझं, लहानपणापासूनचं. आदल्या संध्याकाळी, सोमवारी, सेटवर सगळ्यांची हजेरी झाल्यावर नानांनी सेट माझ्या हातात दिला. स्वयंपाकघरात एकच सॉकेट चालतं. मी सेट लावला, आणि तासाभरानं तो काढून माझा मोबाईल लावला. मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो यायचे होते. सकाळी नाना सेट घेऊन गेले. मी विचारलं नाही आणि त्यांनीही बघितलं नाही, कारण मी लावला म्हटल्यावर तो लावलेलाच असणार.

मी आईला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती तांदूळ निवडत होती. हातातलं सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेली. आज चौथा दिवस. ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते आणि जाते.

तुम्ही खरं सांगितलंत, त्याबद्दल उपकार मानते.

ज्योत्स्ना


धुळे,
३० जुलै २०२५

चि. ज्योत्स्ना,

अगं, असं काय करतेस? तासभर चार्जिंग म्हणजे काही कमी नाही. बॅटरी जुनी झाली की कितीही लावा, धरत नाही. तोतारामची तर आठ वर्षांची होती. मीच त्याला दोनदा म्हटलं होतं, बदल म्हणून. यात कुणाचा दोष नाही. आणि हृदयाचं दुखणं, सेट चालला असता तरी काय झालं असतं कोण सांगू शकतं?

मनाला लावून घेऊ नकोस. वहिनींचा राग चार दिवसांत उतरेल. त्या तुझ्यावर रागावलेल्या नाहीत, नशिबावर रागावल्या आहेत.

हेमराजला सांगितलंय, अमावास्येनंतर डोंगरावर जाऊन बॅटरीचं पाणी बघायला. तुझा चुलतभाऊ कामाला चांगला आहे, पण शिडीवर चढताना खाली बघतो. तोताराम कधी खाली बघायचा नाही.

जेवत जा.

अभिमनआबा


बोदवड,
९ सप्टेंबर २०२५

ती. आबांना नमस्कार.

तुम्ही लिहिलंत की कुणाचा दोष नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्यासारखा माणूस, जो नानांनाही सोल्डर कच्चं लागलं तर सगळ्यांसमोर झापायचा, तो 'कुणाचा दोष नाही' लिहितो म्हणजे दोष माझा आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त बोलवत नाही. मला समजलं. मीही वर्गात रडणाऱ्या मुलीला असंच सांगते.

आई पाचोऱ्याला मामाकडे गेली. जाताना एकच बोलली, "माले त्या सैपाकघरमा बसवत नही." माझं नाव घेतलं नाही. मामा म्हणतो, राहू दे थोडे दिवस. सव्वा महिना झाला.

घराला कुलूप आहे. मी शाळेत येते, शिकवते, खोलीवर जाते. मोबाईल मी शाळेतल्या कपाटात ठेवते, खोलीवर आणत नाही. चार्जरची पिन दिसली तरी तोंड फिरवते. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आणखी कुणाला सांगू?

एक विनंती आहे. नानांचा सेट परत पाठवू नका. तुमच्याकडेच राहू द्या.

ज्योत्स्ना


धुळे,
१७ सप्टेंबर २०२५

ज्योत्स्ना,

हे पत्र बसून, एका जागी, पूर्ण वाच. मग झुंबरवहिनींना वाचून दाखव. त्यांच्या पुढ्यात वाच.

मी खोटं लिहिलं. बॅटरीचा काही संबंध नाही. दीड महिना पडून राहिल्यावर कोणताही सेट उतरतो, तसा हाही उतरून आला आणि मला लपायला जागा मिळाली. मी ती चार्ज केली. अजून अख्खा दिवस चालते. तुझा एक तासही त्या दुपारला पुरून उरला असता. सेटमध्ये काहीही बिघाड नव्हता आणि नाही.

बिघाड मी होतो. आता कसा ते सांगतो.

मार्चपासून कुठल्यातरी नादुरुस्त यंत्राची शिट्टी आपल्या रिपीटरवर यायची. दिवसभर, कर्कश. माझे कान गेलेत असं सगळे म्हणतात, पण गेलेल्या कानाला अशी शिट्टी जास्त टोचते. सेट पूर्ण आवाजात लावला तरच मला ऐकू येतं, त्यामुळे डोकं धरून बसायचो. त्यावर उपाय होता. रिपीटरला एक टोन ठरवून द्यायचा. हा टोन म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाखाली सेटनं लावलेला बारीक घुमारा, माणसाला तो कळत नाही, रिपीटरला कळतो. तो असेल तरच रिपीटर आवाज पुढे पाठवतो, नसेल तर गप्प राहतो. आम्ही त्याला कुलूप म्हणतो. शिट्टीजवळ किल्ली नसते, म्हणून ती बाहेर राहते. पण ज्याच्या सेटमध्ये टोन भरलेला नाही तो माणूसही बाहेर राहतो. त्याला बाकीच्यांचं सगळं ऐकू येतं. त्याचं कुणालाच नाही.

रविवारी, १८ मेला पाचोऱ्याला आपल्या सेटवाल्यांच्या बैठकीत मी बारा जणांच्या सेटमध्ये टोन भरला. तोताराम आला नव्हता, केळीची कापणी होती. मी त्याला आधीच कळवलं होतं, "बुधवारी मी स्वतः येतो, तुझे दोन्ही सेट करून देतो, आमरस तयार ठेव. तोवर कुलूप लावत नाही." त्यानं उलट कळवलं, "ये, पन पुरनपोळीबी खानी पडी."

रविवारी संध्याकाळी घरी आलो आणि शिट्टी सुरू झाली. डोकं ठणकायला लागलं. डोंगरावर न जाता इथून सेटवर चार आकडे दाबले की कुलूप लागतं. मी दाबले. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, तोतारामला बुधवारी सांगू. एवढ्यासाठी मी दिलेला शब्द मोडला.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता मीच हजेरी घेतली. तोतारामचं नाव तीनदा पुकारलं. ओ आली नाही. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल, मी ते मनात येऊ दिलं नाही. मी म्हणालो, "तोताराम केळीत बुडाला," आणि सगळे हसले. पोरी, तो तेव्हा ओ देत होता. आमचं हसणं ऐकत होता.

मंगळवारी दुपारी शेवंताबाईनं जी हसणारी माणसं ऐकली, त्यात मी होतो. मी सांगत होतो, कुलूप लावल्यापासून रिपीटर किती शांत झाला. स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. तोताराम त्याच वेळी माझं नाव घेत होता.

बुधवारी मी आलो. तुला आठवत असेल, मी एका बाजूला उभा होतो आणि कुणाशी बोललो नाही. लोकांना वाटलं, मित्र गेला म्हणून. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं. मी माझं तोंड लपवायला बॅटरी लिहिली. ती तुझ्यावर जाईल हे मला ठाऊक नव्हतं. पण जुलैत तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा ठाऊक झालं, आणि तरी मी पुन्हा खोटंच लिहिलं. त्याला काही सबब नाही.

काल कुलूप काढलं. शिट्टी येते आहे. येऊ दे. येत्या सोमवारी हजेरीत सगळ्यांना हे सांगणार आहे.

तू काहीही केलेलं नाहीस. मोबाईल कपाटातून काढ.

अभिमन


चोपडा,
२४ नोव्हेंबर २०२५

आबांना,

उत्तराला दोन महिने लागले. चार पत्रं लिहून फाडली.

तुमचं पत्र घेऊन मी दुसऱ्याच दिवशी पाचोऱ्याला गेले. आईला ओट्यावर बसवून वाचून दाखवलं. वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. आई ऐकत राहिली.  संपल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तू जेवनी का?" आबा, सव्वादोन महिन्यांनी तिनं मला विचारलं. मी मामाच्या दारात बसून लहान पोरीसारखी रडले.

आता मनातलं लिहिते. कुलूप तुम्ही लावलंत ही चूक झाली. वाईट चूक, पण चूक. तिच्याबद्दल मी तुमच्याशी भांडू शकत नाही, कारण तुमच्याएवढं प्रेम नानांवर दुसऱ्या कुणी केलं नाही. पण जुलैत तुम्हाला कळलं होतं की मी स्वतःला काय म्हणते आहे, आणि तुम्ही मला 'जेवत जा' लिहिलंत. ते मला माफ करता येईल की नाही, ठाऊक नाही. आज तरी येत नाही.

आणखी एक आहे. आईनं पाचोऱ्याला नेलेल्या पिशवीत नानांची वही होती, रोज कोणाशी सेटवर बोलले त्याची नोंद असलेली. आईला वाचता येत नाही, तिनं ती नुसती जवळ ठेवली होती. शेवटचं पान मी उघडलं. नानांच्या अक्षरात असं आहे:

"१९ मे, सोमवार. हजेरी ऐकली. ओ दिली, पोचली नाही. अभिमननं कुलूप आजच लावलेलं दिसतं. शिट्टी सोसत नसेल त्याला. त्याचे कान गेले, माझा आवाज नाही गेला, असं बुधवारी आला की म्हणायचं. ज्योत्स्नाला सांगितलं नाही, उगाच आबावर चिडेल."

म्हणजे आबा, नानांना सगळं माहीत होतं. मंगळवारी शेताच्या मेरेवर बसून बटण दाबताना आवाज कुठंही पोचणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते तुम्हालाच हाक मारत राहिले. कदाचित वाटलं असेल, एवढ्यात अभिमन कुलूप काढेल. तुमचा त्यांना तेवढा भरवसा होता. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही मला खरं लिहिलंत, म्हणून मीही लपवत नाही.

हेमराजदादाबरोबर परवा डोंगरावर गेले. शिट्टीनं सगळे वैतागलेत, दोघांनी सेट बंद करून ठेवलेत, असं तो म्हणाला. तुम्ही स्वतःला शिक्षा म्हणून कुलूप काढलंत, पण सेटच बंद राहिले तर उद्या आणखी कुणाची हाक जाणार नाही. ते पुन्हा लावा. मात्र आधी चाचणीपुरतं लावून डोंगराखालच्या एकेका माणसाला त्याच्या शेतातून, त्याच्या सेटवरून ओ द्यायला लावा. शेवटच्या माणसाची ओ कानावर पडेपर्यंत कायमचं लावायचं नाही. मी यादी केली आहे, सोबत जोडते. नानांचं नाव मी पहिलं ठेवलं आहे. त्यांचे दोन्ही सेट घरात राहतील आणि मी परीक्षा देऊन सेटवर बोलायचा परवाना काढणार आहे, तोवर दादा बोलेल.

आई घरी आली आहे. वांगी निघायला लागली आहेत. ती म्हणते, अभिमनभाऊंना भरीत खायला बोलाव. मी विचारलं, तुला राग नाही? ती म्हणाली, "राग शे. पन त्यानी बुधवारले येवानं सांगेल व्हतं ना?"

म्हणून बोलावते. १० डिसेंबरला बुधवार आहे. येताना नानांचा सेट आणा. मी माफ केलं म्हणून या असं समजू नका. नानांना दिलेला शब्द राहिला आहे, म्हणून या.

ज्योत्स्ना


धुळे,
१ डिसेंबर २०२५

चि. ज्योत्स्ना आणि झुंबरवहिनींना नमस्कार.

वहीचं पान चष्मा पुसून पुसून वाचलं. 'त्याचे कान गेले, माझा आवाज नाही गेला.' हे तो मला वीस वर्षं म्हणत आला. या वेळी तेही ऐकायचं राहिलं.

यादी मिळाली. आज हजेरीत तुझा नियम सगळ्यांना सांगितला. पाचोऱ्याच्या बन्सीलालनं विचारलं, एका माणसासाठी एवढं थांबायचं का? मी म्हणालो, हो. चाचणीपुरतं कुलूप लावलं. अकरा जणांनी आपापल्या शेतातून ओ दिली. एकजण आजारी आहे, त्याच्याकडे मी उद्या स्वतः जातो. तुझ्या बापाचा सेट माझ्यापुढे टेबलावर आहे. बॅटरी भरलेली आहे. टोन अजून भरलेला नाही, तो तुमच्या स्वयंपाकघरात बसून भरेन. मग तो सेट घेऊन शेवंताबाईला सोबत घेऊ, मेरेवर जाऊ आणि तिथून चाचणीपुरतं कुलूप लावून बोलून बघू. तू घरातल्या मोठ्या सेटपाशी थांब. तुला ऐकू आलं की मगच कायमचं कुलूप.

माफीचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी मागणारही नाही.

पण बुधवारचं तेवढं मी पाळू शकत नाही, वहिनींना सांग. एकदा बुधवार म्हणून बसलो होतो. ९ तारखेला, मंगळवारी, सकाळच्या पहिल्या चोपडा एसटीनं निघतो. दुपारच्या आत पोचतो.

अभिमन